शाळेतला टीव्ही, आपला मोबाईल आणि आपली लेकरं

(३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त प्रभागसंघाचा मेळावा झाला. त्यात आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. कापूस वेचणीमुळे ज्या ताईंना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज सावित्रीबाईंची जयंती. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपण दरवर्षी ऐकतो. पण एक गोष्ट आपण पटकन विसरतो. सावित्रीबाई शिकवायला लागल्या, त्याआधी त्या स्वतः शिकल्या. घरी जोतिरावांकडून शिकल्या, मग शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, आणि मग वर्गात उभ्या राहिल्या. म्हणजे शिकवणाऱ्यानं आधी शिकावं लागते, आणि दुसऱ्याकडून शिकायला लाजू नये, ही त्यांचीच रीत.

आज मी बचत, कर्ज, परतफेड यावर बोलणार नाही. ते दर महिन्याला बोलतोच. आज मी शाळेतल्या टीव्हीबद्दल आणि आपल्या हातातल्या मोबाईलबद्दल बोलणार आहे. आणि त्यात माझं काय चुकलं, तेही सांगणार आहे. गावाचं नाव सांगत नाही, कुणाचंही नाव सांगत नाही. पण ज्यांची ही गोष्ट आहे त्या इथेच बसल्या आहेत, आणि त्यांनीच मला म्हटलं, "सांग ताई, बाकीच्यांच्या कामी येईल."

गोष्ट सुरू झाली ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत. कर्ज मागणीचे अर्ज झाले, जमाखर्च झाला, आणि चहा येईपर्यंत एक काकू उठल्या. म्हणाल्या, "ताई, शाळेच्या टीवीले आमच्या गटाचे बी पैसे लागले. तो चालते का नाई, हे कोण पाह्यन?"

खरं होतं. त्या गावात चार वर्षांआधी लोकवर्गणीतून शाळेसाठी मोठा टीव्ही घेतला होता. गटांनीही आपापल्या परीनं पैसे दिले. फीत कापली, फोटो निघाले. आणि आता पोरं घरी सांगत होती की टीव्हीवर चादर टाकून ठेवली आहे.

बैठकीत ठरलं की मी शाळेत जाऊन विचारायचं. मी गेले, आणि खरं सांगते, भांडायच्या तयारीनं गेले. पहिली ते चौथीची जिल्हा परिषदेची शाळा. दोन शिक्षक. त्यातले गुरुजी त्या दिवशी कुठल्या तरी माहितीच्या कामाला तालुक्याला गेलेले. मॅडम एकट्या चारही वर्ग सांभाळत होत्या. मी विचारलं, "मॅडम, टीव्ही बंद का?"

त्यांनी चादर काढली, बटण दाबलं. टीव्ही सुरू झाला! बिघडलेला नव्हताच. मॅडम म्हणाल्या, "टीव्ही चांगला आहे. मी कविता लावली की पोरं नाचतात, गोष्ट लावली की पाहतात. पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर काहीच आठवत नाही. मग माझ्या लक्षात आलं, मी दोन वर्गांना टीव्हीसमोर बसवून बाकीच्या दोघांना शिकवते. टीव्ही शिकवत नाही, नुसता लेकरं सांभाळतो. म्हणून बंद केला. मला तो चालवता येतो. त्यातून शिकवायचं कसं, हे नाही जमत."

बायांनो, किती सरळ उत्तर होतं! पण मला तेव्हा ते कळलं नाही. मला वाटलं, यांना येत नाही, मला येतं. माझं समाजकार्याचं शिक्षण झालेलं, एमएससीआयटी झालेलं, लॅपटॉप जवळ. मी म्हटलं, "मॅडम, शनिवारी सकाळची शाळा असते. शनिवार मला द्या. मी शिकवते पोरांना कॉम्प्युटर."

पहिल्या शनिवारी तिसरी-चौथीची तेवीस पोरं समोर. मी लॅपटॉप उघडला आणि सुरू केलं. हा कीबोर्ड. हा माउस. हा स्क्रीन. म्हणा माझ्यामागं. पोरं सुरात म्हणाली. मला वाटलं, काय मस्त शिकवते मी! पुढच्या शनिवारी विचारलं, तर "कीबोर्ड" एवढंच दोघांना आठवत होतं. आणि जेव्हा मी म्हटलं, "या, हात लावून पाहा," तेव्हा चार दांडगे पोरं पुढं आले आणि लॅपटॉपला चिकटले. पोरी मागंच. एक तिसरीतली पोरगी भिंतीला टेकून उभी. मी बोलावलं तर म्हणते, "मी नाई लावत हात. तुटलं तं बाबा मारन."

त्या दिवशी घरी जाताना मला त्या पोरीचंच वाक्य आठवत होतं. यंत्राची ओळख मी करून देत होते, पण तिच्या मनात यंत्राची पहिली ओळख होती भीतीची. आणि मॅडम हे मागं उभं राहून पाहत होत्या. त्यांनी मला टोमणा मारला नाही. फक्त म्हणाल्या, "ताई, या महिन्याच्या शिक्षण परिषदेला येता का? केंद्रप्रमुखांना विचारून ठेवते."

आता शिक्षण परिषद म्हणजे काय, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसेल. जिल्हा परिषदेच्या आसपासच्या शाळा मिळून एक केंद्र असते. जसे आपले गट मिळून ग्रामसंघ होतो, तसंच. त्या केंद्रातले शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात. कुणी आपल्या वर्गात काय करून पाहिलं, ते सांगतात. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कारण ही तर आपल्या गटाचीच बैठक! आपल्यातही एक जण सांगते, "मी शेळीला असं खाऊ घातलं, वजन वाढलं," आणि बाकीच्या दुसऱ्या दिवशी करून पाहतात. तिथं कुणी साहेब नसते.

त्या दिवशी मी तीन गोष्टी शिकले.

एक गुरुजी म्हणाले, माझ्याकडे एकच मोबाईल आहे, तोही माझा. मी चार-चार पोरांचे गट करतो. एक जण मोबाईल धरतो, एक वाचतो, एक वहीत लिहितो, आणि एक जण फक्त प्रश्न विचारतो. दर दहा मिनिटांनी काम बदलायचं. चिठ्ठ्या टाकून पहिली पाळी ठरवायची. मग दांडगा पोरगा असो की लाजरी पोरगी, हात सगळ्यांचाच लागतो.

दुसऱ्या मॅडम एका कोलाम पोडावरच्या शाळेत शिकवतात. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागात पोडांवर घरी कोलामी बोलतात. कोलामी ही तेलुगू आणि गोंडीच्या कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. पहिलीत आलेल्या लेकराला "झाड" म्हणजे काय हेच कळत नाही. त्या मॅडमनी काय केलं? पोरांना मोबाईल देऊन पोडात पाठवलं. झाडाचा, विहिरीचा, भाकरीचा, बैलाचा फोटो काढा, आणि आजीच्या आवाजात त्याचं नाव भरून आणा. आता शाळेत फोटो दिसतो, आजीचा आवाज येतो, आणि खाली मराठी शब्द असतो. मॅडम म्हणाल्या, "पोरं मराठी शिकली, आणि मी कोलामी शिकले. माझ्या शिक्षिका पोडातल्या आज्या."

तिसरे एक गुरुजी उठले, म्हणाले, माझ्या शाळेत तर काहीच नाही, लाईटही जाते. तरी मी कॉम्प्युटर शिकवतो. सगळे हसले. मग त्यांनी करून दाखवलं. एका शिक्षकाला उभं केलं, म्हणाले, हा यंत्र. याला डोकं नाही, सांगाल तेवढंच करणार. आता याला दारापर्यंत न्या. आम्ही सांगत गेलो. चार पावलं पुढं. उजवीकडे वळ. दोन पावलं पुढं. आणि ते थेट खुर्चीवर आपटले! कारण आम्ही "खुर्ची आली तर थांब" हे सांगितलंच नव्हतं. गुरुजी म्हणाले, "कॉम्प्युटरचंही असंच. तो हुशार नसतो. त्याला पायरी-पायरीनं नीट सांगणारा माणूस हुशार असावा लागतो." अशा बिनयंत्राच्या खेळांनी कॉम्प्युटर शिकवायची पद्धत न्यूझीलंडमधल्या शिक्षकांनी १९९० च्या दशकात मांडली आणि आता ती जगभर वापरतात. आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या लाईट गेलेल्या वर्गातही चालते!

त्या दिवशी चहा पिताना मॅडमनी मला आणखी दोन शाळांबद्दल सांगितलं. तुम्हीही ऐकून ठेवा.

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात पष्टेपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी पोरांच्या हातात टॅब दिले, विजेची अडचण होती म्हणून सौर ऊर्जेवर काम चालवलं. पण मोठी गोष्ट पुढची आहे. त्यांनी ते आपल्यापुरतं ठेवलं नाही. महाराष्ट्रातले शिक्षक ती शाळा पाहायला जात राहिले, आणि गुंड सरांनी कमी खर्चात हे कसं करायचं ते शिक्षकांना शिकवलं.

दुसरी शाळा सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, परितेवाडीची. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले तिथं रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली आणि शेजारी गुरांचा गोठा. त्यांनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. कोड म्हणजे तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, किराणा दुकानात पैसे द्यायला असतो तसा. मोबाईल धरला की धडा बोलायला लागतो. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ हा जागतिक पुरस्कार मिळाला, १० लाख डॉलरचा. आणि त्यांनी काय केलं? अर्धी रक्कम त्यांच्यासोबत अंतिम फेरीत असलेल्या बाकी नऊ देशांतल्या शिक्षकांना वाटून दिली. विचार करा, आपल्या गटात कुणाला बक्षीस मिळालं आणि तिनं अर्धं बाकीच्यांना वाटलं, तर तिला आपण काय म्हणू?

आज घरी गेल्यावर लेकराचं बालभारतीचं पुस्तक उघडा. त्यात तो चौकोन छापलेला असतो. सरकारचं दीक्षा नावाचं ॲप आहे, २०१७ पासून सुरू आहे. ते मोबाईलमध्ये घ्यायचं, चौकोनावर धरायचं. पुस्तक तर आपल्याला फुकट मिळालेलंच आहे, तो चौकोन वापरायलाही कुणी पैसे घेत नाही.

तर मी पुन्हा शनिवारी गेले. या वेळी लॅपटॉप पिशवीतच ठेवला. गटातल्या एका आजींना सोबत नेलं. आधी त्या तयारच नव्हत्या. "मले कायचं कंप्युटर येते वं माय?" म्हणत होत्या. मी म्हटलं, आजी, तुम्ही फक्त ठिपक्यांची रांगोळी काढा. आजींनी शाळेच्या ओट्यावर ठिपके दिले, आणि त्या सांगत गेल्या, पहिल्या ओळीतला तिसरा ठिपका दुसऱ्या ओळीतल्या चौथ्याला जोड. पोरं चौकटीच्या वहीत काढत गेली. कुणाची चुकली, तर कुठल्या पायरीला चुकली हे शोधायला लागली. मग मॅडमनी त्याच वहीत सांगितलं, चौकट भरली तर १ लिहा, रिकामी ठेवली तर ०. फुलाचं चित्र झालं एक आणि शून्याचं. आणि मग आम्ही टीव्हीवरची चादर काढली. मॅडमनी मोबाईलच्या भिंगातून टीव्हीचा पडदा मोठा करून दाखवला. ठिपके! पडदाभर ठिपके! एक पोरगी ओरडली, "आजी, टीवीत बी रांगोळीच हाय!"

ती भिंतीला टेकून उभी राहणारी तीच पोरगी. त्या दिवशी तिची पहिली पाळी होती.

बायांनो, इथवर सगळं छान वाटते ना? आता जे चुकलं ते सांगते.

पोरांचं वाचन वाढावं म्हणून मी घरचा अभ्यास दिला होता. आईच्या मोबाईलवर रोज जो मेसेज येईल, तो आईला वाचून दाखवायचा. पोरांना मजा यायची, आयांनाही बरं वाटायचं. पुष्कळ आयांना मेसेज वाचता येत नव्हते, ते कळायला लागले. मी माझ्या अहवालातही हे लिहिलं होतं, अभिमानानं.

फवारणीचे दिवस होते. एका ताईनं गटातून कर्ज घेतलं होतं, त्यातले ८,००० रुपये खात्यात होते. ती शेतात. मोबाईल घरी, पोराजवळ. फोन आला. समोरचा गोड बोलला, तुमच्या आईचे योजनेचे पैसे अडकलेत, मेसेजमध्ये नंबर आला असेल, वाचून दाखव. पोरगा चौथीतला, माझ्या शनिवारचा सगळ्यात हुशार. त्यानं खडाखडा वाचून दाखवला. एकही आकडा चुकला नाही. संध्याकाळी खात्यात काही नव्हतं.

मला दुसऱ्या दिवशी कळलं. आम्ही बँकेत गेलो, तक्रार नोंदवली. ते पैसे अजून आलेले नाहीत. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, आणि पैसे गेल्या-गेल्या जितक्या लवकर फोन करू तितकी ते अडवता येण्याची आशा जास्त असते. हे मला माहीत होतं. पण मी ते त्या घरात कधी सांगितलंच नव्हतं.

त्या पोरानं मार खाल्ला. आणि गावात काय ठरलं? पोरांच्या हाती मोबाईल द्यायचा नाही. चूक एका पोराच्या हातून झाली, पण पंधरा दिवसांत मी पाहिलं, पोरं पुन्हा मोबाईलवर गेम खेळत होती आणि बंदी उरली होती फक्त पोरींना. शनिवारचा वर्ग बंद करा, असंही काही जणी बोलल्या.

ग्रामसंघाच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हटलं, चूक माझी आहे. मला वाटलं, ती ताई मला बोलेल. तिला तो हक्क होता. ती म्हणाली, "पोराची चूक नाई, ताई. त्याले वाचाले शिकवलं. थांबाले कोणं शिकवलं?"

मी एमएसडब्ल्यू करताना पुष्कळ पुस्तकं वाचली. पण तंत्रज्ञान लेकरांना कसं शिकवायचं याबद्दल याहून खरं वाक्य मला कुठं सापडलं नाही. आपण सगळेच चालवायला शिकवतो. बटण कुठलं, ॲप कुठलं. थांबायला कुणी शिकवत नाही.

त्या बैठकीत गटानं तिच्या परतफेडीला मुदत वाढवून दिली. आणि मॅडम, ज्या बैठकीला मुद्दाम आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मी हे पुढच्या शिक्षण परिषदेत सांगणार." मी घाबरले. परिषदेत तर सगळे आपली चांगली कामं सांगतात. फसलेलं कोण सांगते? पण त्यांनी सांगितलं, सगळ्या शिक्षकांसमोर, काहीही न लपवता. आणि नवल असं, की त्यानंतर तीन शिक्षकांनी आपापल्या गावातल्या अशाच गोष्टी सांगितल्या. तोवर कुणी बोललंच नव्हतं. एका मॅडमनी मार्ग सांगितला, याचं नाटुकलं करा. एक पोरगा गोड बोलणारा फोनवाला, एक पोरगी आई, एक लेकरू. आणि लेकरानं फोन ठेवायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. तुम्ही कोण? तुम्हाला हे कशाला पाहिजे? मी आधी आईला विचारू का? तिसरा प्रश्न ऐकून समोरचा घाई करायला लागला, की समजायचं चोर आहे.

आम्ही ते शाळेत केलं. गोड बोलणारा फोनवाला कोण झाला? तोच पोरगा. त्याच्या आईनंच सांगितलं, त्यालाच द्या ते काम. आणि ती स्वतः शाळेत येऊन पोरांसमोर बोलली, माझे पैसे असे गेले. बायांनो, स्वतःचं नुकसान चारचौघांत सांगायला किती धीर लागते, हे आपल्याला माहीत आहे.

शनिवारचा वर्ग पुन्हा सुरू झाला. पोरींना मोबाईल पुन्हा मिळाला, पाळीपाळीनं.

काही जणी मला विचारतात, "ताई, एवढ्या लहान लेकरायले हे पाहिजेच कायले?" प्रश्न बरोबर आहे. मी म्हणत नाही की लेकराला दिवसभर मोबाईल द्या. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ मध्ये त्यांनी ठरवलं, संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास सगळ्या घरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं बोलायला. हेही तंत्रज्ञानाचंच शिक्षण आहे, थांबायचं शिक्षण.

पण न देणं हा उपाय नाही, कारण मोबाईल घरात आलेलाच आहे. २०२४ च्या असर अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना विचारलं होतं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे आपण शिकवलं नाही तरी पोरं शिकतच आहेत, फक्त एकटी शिकत आहेत. चौथीपर्यंत लेकरू आपलं ऐकते. तेव्हाच सोबत बसलो तर चौदाव्या वर्षी ते आपल्याला विचारायला येईल.

आणि "आम्हाला येत नाही" असं म्हणू नका. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागल्या. त्यांना जर अक्षरं गिरवता येतात, तर आपल्याला नातवासोबत बसून मेसेज वाचता येईल.

आता जाताना चार कामं सांगते. पुढच्या मासिक बैठकीत आपल्या विषयपत्रिकेवर लिहा.

पहिलं काम. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्यातल्या किती जणींची नावं त्या समितीत आहेत आणि किती जणी नुसत्या सहीपुरत्या आहेत, ते मोजा. पुढच्या बैठकीला जा. विचारा, टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब जे काही आहे ते मागच्या महिन्यात किती वेळा लागलं? लाईट बिल भरलं का? पण माझ्यासारखं भांडायला जाऊ नका. "काय अडचण आहे, आम्ही काय मदत करू?" असं विचारा. चादरीखाली टीव्ही असतो, तसं शिक्षकाच्या गप्प बसण्याखालीही काहीतरी असते.

दुसरं काम. महिन्यातला एक शनिवार गटातली एक बाई शाळेत जाईल. आजकाल शनिवारी दप्तराविना उपक्रम घेतात, मॅडमना आधी विचारून जा. रांगोळी, बचतीचं रजिस्टर, बियाण्याची ओळख, जे येते ते शिकवा. १०,००० रुपये कर्ज, दरमहा १ टक्का व्याज, तर महिन्याला किती, हे चौथीच्या पोरांना मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर आणि मग तोंडी काढायला लावा. दोन्ही उत्तरं १०० आली पाहिजेत. नाही आली तर चूक यंत्राची की माणसाची, ते पोरांनाच शोधू द्या.

तिसरं काम. घरी पोरगा आणि पोरगी दोघांनाही मोबाईलची सारखी पाळी. घड्याळ लावून. आणि पाळी संपली की आपणही मोबाईल ठेवायचा.

चौथं काम. ते तीन प्रश्न आणि १९३० हा नंबर चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. लेकराच्या हातानंच लिहून घ्या. मेसेजमधला आकडा फोनवर कुणालाही सांगायचा नाही. बँकेतला साहेब असो की मी स्वतः असो, मलाही नाही.

शेवटची गोष्ट. मागच्या महिन्यात मॅडमनी शिक्षण परिषदेत आजींची रांगोळीची वही नेली होती. दुसऱ्या केंद्रातले एक गुरुजी ती पाहून म्हणाले, "हे शिकवणाऱ्या मॅडम कोणत्या शाळेवर आहेत?" मॅडम म्हणाल्या, "शाळेवर नाहीत, बचत गटात आहेत." आता त्या गुरुजींना आजींना आपल्या शाळेत न्यायचं आहे. आजी म्हणतात, तूर निघू दे, मग येते.

आजी इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना कुणी विचारू नका की त्या किती शिकल्या. त्यांना विचारा, पुढचा शनिवार कोणत्या गावाला.

जय ज्योती, जय सावित्री.